पिंपाला लांबून वळसा

मामंजी, तुमच्या तेराव्याला जेवायला आलेल्या मंडळींनी हात धुता धुता तुम्हाला देवमाणूस म्हटलं. मी वाढत होते. मला हसू आवरेना म्हणून आत गेले, आणि आत जाऊन रडले. देवमाणूस कसले तुम्ही? निम्मं आयुष्य देवाशी भांडलात आणि निम्मं इंजिनाशी. देवाला तुम्ही हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत, इंजिन मात्र रोज सकाळी स्वतःच्या पंच्याने पुसत होतात. पाटबंधाऱ्याच्या खात्यात ओव्हरसियर कधी झालात, पेन्शन कधी घेतलीत, हे सगळं ती मंडळी एकमेकांना सांगत होती. तुमच्या-माझ्यातलं त्यात काहीच नव्हतं. सासरा आणि सून यांच्यामध्ये शर्यतीची मोटारबोट असू शकते हे नाशकातल्या भल्या माणसांना सांगून पटत नाही. ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेसुद्धा आमटी वाढून घेताना विसरल्यासारखं करत होते.

मी विसरलेली नाही. मला त्याचा गर्व आहे, आणि तो आज दुखवट्यातही लपवणार नाही.

आठवतं का, ती बोट आली तेव्हा माईंना आधी वाटलं की तुमचं पोट बिघडलं? देवळालीच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना ती मोडकी बोट टाकून गेला होता. तुम्ही ती बैलगाडीवर घालून दारणा धरणाच्या काठी नेलीत आणि कोंडाजी कोळ्याच्या गवताने शाकारलेल्या झापात ठेवलीत. इंजिन मात्र घरी आणलंत, कारण दुसऱ्याच्या घरी ते सोडवेना. शर्यतीच्या त्या इंजिनाला पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळावं लागतं. घरात एरंडेलाच्या बाटल्यांची रांग लागली. माई तुम्हाला रोज मऊ भात करून घालायला लागल्या, आणि तुम्ही इंजिनाच्या नादात तो मुकाट्याने खाल्लात.

बोट म्हणजे काय, पातळ फळ्यांची एक सपाट पेटी. मागच्या बाजूला टांगलेलं इंजिन, त्याच्या खाली पाण्यात फिरणारा पंखा, पुढे लहानसं चाक, आणि चाकाशेजारी वेगाची मूठ. मूठ दाबली की वेग वाढतो, सोडली की पडतो. बसायला फळकुटसुद्धा नाही, चालवणाऱ्याने गुडघे टेकून बसायचं. आणि तोल राखायला दुसऱ्या एका माणसाने पुढे, नाकापाशी.

तुम्हाला त्या बोटीची हौस होती असं लोक म्हणतात. हौस नव्हती, तो राग होता. दारणेची भिंत चढत होती तेव्हा तुम्ही ऐन उमेदीत होतात. पाण्याखाली गेलेल्या वाटा, बांध, देवळाचा चौथरा, सगळं तुम्हाला पाठ होतं. आणि दर वर्षी पाऊस सरला, धरण भरलं, की छावणीतले अफसर आणि मुंबईहून आलेले हौशी लोक तिथे तीन पिंपं नांगरून त्यांच्याभोवती बोटींची शर्यत लावायचे. आपल्या लोकांनी काठावर उभं राहून बघायचं. "भिंत आम्ही बांधली," तुम्ही म्हणायचात, "आणि पाणी काय यांच्या आज्याने भरलंय?" तुम्हाला एकदाच, फक्त एकदा, त्या पिंपांभोवती त्यांच्याबरोबरीने बोट पळवायची होती. आणि बोट हाताशी आली तेव्हा नेमके तुमचे डोळे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठावरून पिंप दिसेना, तर पळत्या बोटीतून काय दिसणार?

मग तुम्ही यांना शिकवायला घेतलंत. तुमचे चिरंजीव बिचारे शाळेत भूगोल शिकवणारे. बोटीने नाक वर केलं मात्र, यांनी घाबरून मूठ सोडली. वेगातली बोट एकदम थांबली की तिचीच लाट मागून येऊन तिच्यावर चढते, हे तुम्ही त्यांना आधी सांगितलं नव्हतं. लाट आली, बोट भरली, आणि हे गळ्यापर्यंत पाण्यात. कोंडाजीने ओढून बाहेर काढल्यावर यांनी कोरडं धोतर नेसलं आणि शांतपणे म्हणाले, "अण्णा, पाणी नकाशात असेल तोवर माझी काही हरकत नाही."

तुम्ही काठावर बसून राहिलात. मी डबा घेऊन आले होते. तुमचा चेहरा इतका पडलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मामंजी, चालवा तुम्हीच. मी पुढे बसते आणि पिंप कुठे ते सांगते."

पहिल्या दिवशी काय आरडाओरडा केला आपण! "डावीकडे!" मी ओरडायची. "डावीकडे म्हणजे किती?" "स्वयंपाकघरापासून आडाइतकं!" तुम्हाला ते माप लगेच समजलं. ओसरीपासून तुळशीइतकं, माजघरापासून दिंडीइतकं, अशी आपण आपल्या घराच्या मापाने दारणा पालथी घातली. काही दिवसांनी तुम्ही मध्येच इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, "सूनबाई, तू बघायचं, तोंडाने सांगायचं, मग मी हात हलवायचा, यात फार वेळ जातो. तूच ये इकडे."

मी काय नेसून बोट चालवायची यावर घरात चर्चा झाली. नऊवारीच बरी ठरली. कासोटा घट्ट, पदर कमरेला, गुडघे टेकायला मोकळे. पुढे शर्यतीत मडमा माझ्याकडे बघून हसल्या, पण त्यांचे झगे वाऱ्याने डोक्यावर जात होते, माझी निरीसुद्धा हलली नाही. आजूबाजूच्या बायकांनी नाकं मुरडली तेव्हा माईंनी त्यांना गप्प केलं. कायदेभंगाची धामधूम नुकतीच ओसरली होती. "बायका तुरुंगात जाऊन आल्या," माई म्हणाल्या, "ही तर संध्याकाळी घरी येते."

शिकवणं तुमचं कसं होतं सांगू? वाईट. तुम्ही खेकसायचात. मी चुकले की इंजिनाला शिव्या द्यायचात आणि मी बरोबर केलं की इंजिनालाच शाबासकी. पण एक गोष्ट तुम्ही माझ्या हाडात घातलीत. भीती वाटली तर वाटू दे, मूठ सोडायची नाही. हळूहळू सैल करायची. "आपलीच लाट आपल्याला बुडवते," तुम्ही म्हणायचात, "दुसऱ्याची नाही." आणि इंजिन दगा देऊन बोट थांबलीच, तर क्षणाचाही विचार न करता पुढे नाकावर आडवं पडायचं, म्हणजे मागची बाजू उचलते आणि लाट खालून निघून जाते. ते तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलंत की माझी दोन्ही कोपरं सोलवटली. मला तुमचा संताप आला होता. माई रात्री लोणी लावायच्या आणि तुम्ही दारातून विचारायचात, "उजवं जास्त लागलंय की डावं?" उजवं म्हटलं की म्हणायचात, "म्हणजे डावीकडे पडत नाहीस तू. उद्या बघू."

आणि ज्या दिवशी पहिल्यांदा बोट पाण्यावर चढली! म्हणजे आधी ती नांगरासारखी पाणी फाडत जाते, नाक वर, समोर काही दिसत नाही. मूठ दाबून धरायची आणि अंग पुढे टाकायचं. मग एकाएकी ती वर येते, सपाट होते, आणि तव्यावर पाण्याचा थेंब पळावा तशी पळायला लागते. मी किंचाळले. तुम्ही पुढे ओणवे बसला होता, तुम्हाला धड काही दिसत नव्हतं, पण तुम्ही दोन्ही हात वर केलेत. कोंडाजी काठावरून ओरडला, "बाई, लय वाऱ्यावानी पळती! पर माझं मासं गेलं ना समदं पळून!"

मग आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. शेवटच्या पिंपाला वळायचं कसं? तुम्ही म्हणायचात, पिंपाच्या अंगावरून वळ, अंतर वाचतं. मी म्हणायची, जवळून वळलं की वेग मोडतो, लांबून वळसा घेतला तर मूठ सैल करावीच लागत नाही. तुम्ही जेवताना ताटात मिठाची रांगोळी काढून मला पटवायचात, मी वाटी फिरवून तुम्हाला. माई म्हणायच्या, "जेवा आधी, मग बुडा." तुम्ही शेवटी हुकूमच काढलात. शर्यतीत पिंपाच्या अंगावरूनच वळायचं, पलीकडच्या पाण्यात जायचं नाही. मी "बरं" म्हटलं. सुना म्हणतात तसं.

शर्यतीच्या आधी माईंनी विचारलं होतं, "दारणेची ओटी भरू का? पोरगी एवढ्या पाण्यात जातेय." तुम्ही केवढे कडाडलात. पाण्यात काही टाकायचं नाही. नारळ नाही, फूल नाही, हळदकुंकू नाही. इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर कोण जबाबदार? नदी ही नदी असते, तिला खणाची गरज नसते.

त्या दिवशी काठावर तंबू होते, बँड होता, खुर्च्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे आसपासच्या गावांतली माणसं गर्दी करून बसली होती. बाई बोट चालवणार म्हणून साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसून हो म्हटलं. त्या हसण्याने मला बळ आलं, खोटं कशाला बोलू. तुमचं वजन जास्त म्हणून पुढे मी कोंडाजीच्या बायकोला बसवलं होतं. ठकू. पाण्यात जन्म गेलेला, कशाला म्हणून भ्यायची नाही. मी दोरी ओढली, इंजिन पेटलं, एरंडेलाचा धूर नाकात गेला आणि मला आपलं घर आठवलं.

सगळी शर्यत सांगत बसत नाही. शेवटच्या फेरीत आपल्या पुढे एकच बोट होती, छावणीतल्या एका कप्तानाची. शेवटचं पिंप आलं. कप्तान पिंपाच्या अंगावरून वळला, आणि त्याचा वेग मोडला, माझ्या डोळ्यांसमोर मोडला! मी तुमचा हुकूम मोडून लांबून वळसा घातला. मूठ तशीच दाबलेली. आपण त्याच्या बरोबरीला आलो, पुढे सरकलो. ठकूने मागे वळून मला दात दाखवले.

आणि इंजिनाने घशात घास अडकल्यासारखा आवाज केला आणि ते थांबलं.

मी विचार केला नाही. मी आणि ठकू एकदम नाकावर आडव्या पडलो. मागून आपलीच लाट आली, बोटीखालून गेली, आणि बोट तरली. मामंजी, त्या एका क्षणासाठी मी तुमच्या सगळ्या शिव्या माफ केल्या. मग मागे जाऊन इंजिन वर उचललं. पंख्याला हिरवा खण गुंडाळला होता. लाल काठाचा, उलगडलेला, नवाकोरा. माईंच्या पेटीतला. मी तो ओढला, निघेना. शेवटी काठ दातांनी तोडला आणि लांब लांब पट्ट्या फाडून काढल्या. सगळ्या बोटी निघून गेल्या होत्या. काठावर बँड वाजायला लागला होता. ठकू म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या आता, वल्हवून जाऊ." मी म्हटलं, "वल्हवून जायला मी शिकलेली नाही."

किती वेळा दोरी ओढली कुणास ठाऊक. इंजिन पेटलं तेव्हा काठावर खुर्च्या हलत होत्या. झेंडेवाल्याने झेंडा गुंडाळून काखेत मारला होता. तेव्हाचं जे मला ठकूच्या नवऱ्याने सांगितलं, ते मी आजवर हजारदा मनात पाहिलं आहे. तुम्ही धोतर भिजवत गुडघाभर पाण्यात उतरलात, तोंड पाण्याकडे, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि ओरडलात, "झेंडा वर करा! अजून एक बोट यायची आहे!" साहेब म्हणाला, कुठे आहे बोट, तुम्हाला दिसते का? तुम्ही म्हणालात, "दिसत नाही. पण तो आवाज माझ्या इंजिनाचा आहे, आणि मूठ माझ्या सुनेची आहे."

झेंडा वर झाला. मी सगळ्यांच्या शेवटी आले, आणि खुर्च्यांपलीकडच्या लोकांनी जो गलका केला तो पहिल्या आलेल्या कप्तानालाही मिळाला नव्हता. त्या कप्तानाने टोपी काढली, हेही सांगायला हवं.

घरी मात्र तुम्ही खणावरून आगपाखड केलीत. बायकांचे सोपस्कार! सांगून ऐकत नाहीत! माई खाली मान घालून भाजी चिरत राहिल्या. आणि मला म्हणालात, "पिंपाच्या अंगावरून वळली असतीस तर खण लागलाच नसता." पुढच्या वर्षी छावणीतली पलटण बदलली, शर्यत बंद पडली, पिंपं तेवढी पाण्यात नांगरलेली राहिली, आणि आपला वाद तिथेच अडकला. सुट्टीच्या दिवशी बोट आपण काढत राहिलो, पण त्या पिंपापलीकडे तुम्ही मला एकदाही जाऊ दिलं नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हेका. मी पिंपाच्या अंगावरून वळत राहिले, वेग मोडत राहिले, मनात चरफडत राहिले.

तेराव्याची मंडळी गेल्यावर माई आणि मी तुमचे कपडे आवरत बसलो. तुमच्या पंच्याला अजून एरंडेलाचा वास होता. माई तो पंचा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तो खण मी नव्हता टाकला गं."



"शर्यतीच्या सकाळी माझी पेटी उघडी होती. तिची कडी यांना कधी लावता आली नाही. अंघोळीआधी कोंडाजीला घेऊन पिंपाचा नांगर तपासायला म्हणून गेले होते ना होडीतून?" माईंनी पंच्याची घडी घातली. मग थोड्या चिडूनच म्हणाल्या, "आणि तुला तरी कळू नये? मी ओटी भरली असती तर खण असा पसरला असता का? आपण खणात नारळ-तांदूळ घालून गाठ मारतो, सोडला की तळाला जातो. यांनी उलगडून, पसरून ठेवला पाण्यावर. पुरुषाला काय ठाऊक!"

खरंच, मामंजी, मला कळायला हवं होतं. तो खण दातांनी मी फाडला होता. त्याला गाठ नव्हती.

"मग इतकी वर्षं बोलणी का खाल्लीत?" मी विचारलं.

"यांनी जन्मात देवाकडे एकदाच काही मागितलं," माई म्हणाल्या. "तेही तुझ्यासाठी. ते मी चव्हाट्यावर कसं आणू?" आणि मग त्यांनी ते सांगितलं जे मी ऐकलं नव्हतं, कारण तेव्हा मी तुमच्यासाठी पेज आणायला चुलीपाशी गेले होते. शेवटच्या तापात तुम्ही बडबडत होता. "पुरुषाच्या हातची ओटी दारणेने घेतली नाही. परत केली. पोरीला त्या बाजूला जाऊ देऊ नका."

म्हणजे असं होतं ते. तुम्ही मला पिंपाच्या अंगावरून वळायला सांगितलं होतंत, म्हणून ओटी पलीकडच्या पाण्यात सोडलीत, जिथे बोट जाणारच नव्हती. हिशेब अगदी ओव्हरसियरचा. फक्त सून ऐकणार नाही हे त्यात धरलं नव्हतं! आणि त्यानंतर तुम्ही, नदीला नदी म्हणणारे, त्या वीतभर पाण्याला भीत राहिलात. माझ्यासाठी भीत राहिलात. अहो, मला एकदा सांगायचं तरी. मी हसले असते, माई हसल्या असत्या, तुम्ही दोन दिवस तोंड फुगवून बसला असता, आणि संपलं असतं. मला रडू येतं ते तुम्ही गेलात म्हणून येतंच, पण इतकी वर्षं ती भीती तुम्ही एकट्याने वागवलीत म्हणून जास्त येतं.

काल आम्ही दारणेवर गेलो. माई आता ओटी भरू शकत नाहीत. त्या काठावर बसून सांगत गेल्या आणि मी खणात तांदूळ घातले, नारळ ठेवला, गाठ मारली. "घट्ट," माई म्हणाल्या. मी कोंडाजीला विचारलं, त्या सकाळी मामंजींनी पाण्यात काय सोडलं? तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मी वल्हं मारत हुतो, बाई. माझी पाठ हुती तिकडं." बायकोचा जीव जाता जाता वाचला तरी त्याने तुमचं नाव घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही.

बोटीत पुढे कोण बसलं सांगू? हे. तुमचे चिरंजीव. डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी कड धरून. म्हणाले, "तुला पिंप दिसतंय ना? मग मी बघायची काही गरज नाही."

पिंपापलीकडे, बरोबर त्या पाण्यात, मी मूठ हळूहळू सैल केली. इंजिन बंद केलं. पंखा पाण्याबाहेर उचलला, मगच ओटी सोडली. ती सरळ तळाला गेली. दारणेने ती ठेवून घेतली, मामंजी. तुमच्या नावाने दिली होती.

मग मी दोरी ओढली आणि शर्यतीसारखी पूर्ण फेरी मारली. शेवटचं पिंप आलं तेव्हा माई काठावर उभ्या राहिल्या होत्या. मी मूठ दाबलेलीच ठेवली आणि पिंपाला लांबून वळसा घातला. वेग मोडला नाही. पाणी मोकळं होतं.